कोपऱ्यावरून ऐकू येणारी गाडी

सायलेन्सर पडायचाच होता तर तो घरी पडू शकला असता, गॅरेजच्या दारात पडू शकला असता, निदान रविवारी तरी पडू शकला असता. पण नाही. पडला तो आमच्या कार्यालयाच्या फाटकात, सकाळी दहाला पाच कमी असताना, आणि नेमकी मागून साहेबांची गाडी येत असताना. पाणीपुरवठा कार्यालयात मी मुख्य लिपिक आहे. माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत. एरवी साडेदहाशिवाय उगवत नाहीत, पण त्या दिवशी नऊच्या नऊ फाटकात हजर! तो गंजका, तापलेला डबा मी रुमालात धरून उचलला. साहेबांनी काच खाली केली. "काय हो, काही पडलं का तुमचं?" मी म्हणालो, "नाही सर." डबा माझ्या हातातच होता.

गाडी जुनी आहे, हे मी नाकारत नाही. पण तिला मी जपून चालवतो. जपून म्हणजे किती, तर इंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे झाले की माझा हात आपोआप पुढच्या गिअरकडे जातो. गाडी थरथरते, कण्हते, पण पेट्रोल वाचतं. राहता राहिला आवाज. त्या डब्यातला एक पत्रा बारा वर्षांपूर्वी आतल्या आत सुटला होता, आणि तेव्हापासून खिळ्यांचा डबा जिन्यावरून गडगडत सोडावा तसा आवाज आमच्याबरोबर सगळीकडे यायचा. मला त्याचं काही वाटत नसे. माणसाला स्वतःचं घोरणं कुठे ऐकू येतं?

डबा घेऊन घरी आलो तर जिन्यातच सल्लागार मंडळाची बैठक भरली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "काढून टाका हो. किडलेलं ठेवू नये." खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "छे! डागडुजी करून तोच बसवा. त्या आवाजाची सवय झालीय इमारतीला." हे बोलताना ते किंचित हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

तेवढ्यात माझा मेव्हणा टपकला. हा मनुष्य माझ्या आयुष्यात नेहमी अशाच वेळी टपकतो. "भाऊजी," तो म्हणाला, "नुसता सायलेन्सर काय बसवता? आवाज डिझाइन करून घ्या!"

"आवाज डिझाइन?"

"शर्यतीच्या, ऐटबाज गाड्यांचा आवाज आपोआप येतो असं वाटलं काय तुम्हाला? माणसं बसून ठरवतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. बावीस वर्षं त्यांनी स्पोर्ट्‌स कारच्या कंपनीत नुसते आवाज केले."

मी म्हणालो, बावीस वर्षं नुसता आवाज करणारे आमच्या ऑफिसातही आहेत. पण गेलो. आता कबूलच करतो, फाटकातला तो प्रसंग मनात सलत होता. साहेबांनी पुन्हा काच खाली करावी आणि या वेळी वेगळं काहीतरी विचारावं, असं कुठेतरी वाटत होतं.

त्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत. त्यांची शेड लांबलचक होती. एका भिंतीवर वीतभरापासून पुरुषभर उंचीपर्यंतचे पाईप ओळीनं टांगलेले, जमिनीवर जुने गालिचे, मधोमध एक खुर्ची आणि खुर्चीसमोर स्टँडवर मायक्रोफोन. मी पडका डबा पुढे केला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, डोळे मिटले आणि पुन्हा हलवला.

"हा मी ठेवून घेऊ का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "खुशाल घ्या."

मग त्यांनी मला खुर्चीत बसवून एक कागद भरायला दिला. आवाज कसा हवा? पुढे चौकटी होत्या: गुरगुरणारा, उर्मट, खेळकर, भारदस्त, श्रीमंत. कंपनीत म्हणे असेच कागद शंभर-शंभर लोकांकडून भरून घेत आणि मग पाईपाची लांबी बोटभर कमी करत. एका गाडीची नुसती गुरगुर ठरवायला साडेतीन महिने गेले होते. मी 'श्रीमंत'वर खूण करणार होतो, पण आपल्याला शोभेल तेवढंच मागावं म्हणून 'भारदस्त'वर केली.

"पाईप म्हणजे नुसती धुराची वाट नव्हे," कानसेन सांगू लागले. "लांबी बदलली की सूर बदलतो. डब्यात लोकर भरली की कर्कशपणा जातो. आणि ही बघा, ही बाजूची नळी. हिचं टोक बंद. नको असलेला आवाज हिच्यात शिरतो, टोकाला आपटून उलटा येतो आणि मागून येणाऱ्या आवाजालाच मारतो. गाडीत बसल्यावर डोकं उठवणारी घुमघुम तिथेच खलास."

ही पद्धत मला चांगलीच परिचयाची होती. आमच्या कार्यालयात नागरिकांच्या तक्रारींचं आम्ही असंच करतो.

"आणि ही सगळ्यात महत्त्वाची," त्यांनी रुपयाएवढी एक चकती बोटानं फिरवून दाखवली. "झडप. इंजिनाचे फेरे कमी असतील तेव्हा ही बंद. धूर लांबच्या वाटेनं लोकरीतून जातो, आवाज नाही. सकाळी निघताना शेजारी उठायला नकोत. फेरे तीन हजारांवर गेले की ही उघडते, धूर सरळ बाहेर, आणि मग बघा!" ते 'बघा' म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कलावंत माणूस.

आठ दिवस मेव्हण्याच्या फटफटीवरून ये-जा केली, मग गाडी मिळाली. मी चावी फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली तर इंजिन ओरडलं, कारण ते आधीच चालू होतं. घरापर्यंत मी कान टवकारून आलो. भारदस्त सोडा, आवाजच नाही! मला टायरखाली खडा मोडल्याचं ऐकू येत होतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. कानसेनांना फोन केला तर म्हणाले, "दाबा की! झडप उघडू द्या!" म्हटलं, दाबतोय. "किती फेऱ्यांना गिअर बदलता?" मी सांगितलं.

"दोन हजारांना?" ते खोल आवाजात म्हणाले. "अहो, बावीस वर्षांत मला असं गिऱ्हाईक भेटलं नाही. आमच्याकडे येणारा माणूस गाडीत बसायच्या आधी पेडल दाबतो. मी विचारलंच नाही तुम्हाला. चूक माझी."

म्हणजे माझ्या गाडीला गर्जना होती, पण ती मी कधीच ऐकणार नव्हतो. तिच्यासाठी पेट्रोल जाळणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

त्यातून नवे ताप सुरू झाले. फाटकावरचा रखवालदार माझी चाहूल लागताच दार उघडायचा, तो आता मी समोर दिवे लावले तरी डुलक्या काढायचा. दातांचे डॉक्टर गाडी मागे घेताना माझ्यावर येऊन आदळले आणि वर मलाच म्हणाले, "वाजवत तरी जा काहीतरी!"

पण हे काहीच नव्हे. खरी गंमत नव्या सायलेन्सरनिशी ऑफिसातून पहिल्यांदा परतलो, त्या संध्याकाळी साडेसहाला झाली.

आमच्या घराची शिस्त हा माझा अभिमानाचा विषय. मी घरी येतो तेव्हा कन्या पुस्तकात डोकं घालून बसलेली असते, आई गुडघे चोळत पडलेली असते, बायको कपड्यांच्या घड्या घालत असते, टीव्ही बंद असतो. कोणी वायफळ बोलत नाही. ऑफिसातल्या मंडळींना मी कितीदा सांगितलं असेल, घर कसं असावं तर असं!

तर मी दोन जिने चढून आलो. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत खदखदून हसणं चाललं होतं. मला वाटलं, मजला चुकला. फटीतून पाहिलं. माझी शहात्तर वर्षांची आई, जिला गुडघ्यांमुळे पाय हलवता येत नाहीत, ती दोन्ही पाय टीपॉयवर टाकून टाळ्या पिटत होती. कन्या जमिनीवर गडबडा लोळत होती. आणि मधोमध माझी बायको! डोळ्यांवर माझा जुना चष्मा, काखेत माझी जुनी बॅग, पोट पुढे काढून ती विजेच्या बटणांसमोर उभी होती आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणत होती, "या खोलीत कोणी नाही, तरी दिवा चालू आहे. का? मी नुसतं विचारतोय. उत्तर देऊ नका!"

आई म्हणाली, "पुन्हा! पुन्हा कर ते, उत्तर देऊ नका!"

मी मागे फिरलो. बूट हातात घेऊन खाली आलो. स्वतःच्या घरातून बूट हातात घेऊन उतरताना माणसाला काय वाटतं, हे ज्याचं त्यालाच माहीत. गाडीत बसलो. मग गाडीचं दार चार वेळा आपटलं, हॉर्न दिला, जिन्यात दोनदा खाकरलो आणि पुन्हा वर गेलो. पुस्तक, गुडघे, घड्या. सगळं जागच्या जागी. मी टीव्हीच्या पाठीला हात लावला. गरम होता.

"आज बरा गेला ना हो दिवस?" बायकोनं विचारलं. चष्म्याची खूण अजून तिच्या नाकावर होती. मी पानावर बसलो. जेवणात लक्ष नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. नक्कल केली म्हणून नाही. नक्कल उत्तमच होती. इतकी वर्षं माझी बायको इतकी हसवते हे सगळ्या घराला ठाऊक होतं, आणि ते मला एकट्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात हेडमास्तर भेटले. मी सहज म्हणून विचारलं, "पूर्वी माझी गाडी कुठून ऐकू यायची हो?"

"कोपऱ्यावरून! तुम्ही वळलात की वर खुर्ची सरकायची, मग टीव्ही बंद, मग आजींचं कण्हणं सुरू. चार मिनिटांनी तुम्ही जिन्यात. मी त्यावर घड्याळ लावायचो. कधी चुकलं नाही." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. "शिस्तीचं घर आहे तुमचं," असं पुटपुटत ते आत गेले.

अशात गाडीच्या वार्षिक तपासणीची तारीख आली. वाहन कार्यालयात मी ताठ मानेनं गेलो. इतकी शांत गाडी त्या आवारात दुसरी नव्हती. तपासनीस कानामागे पेन्सिल खोचलेला, हाडकुळा माणूस होता. गाडीभोवती फिरून म्हणाला, "चालू करा."

"चालूच आहे," मी नम्रपणे म्हणालो.

तो खूश झाला. पण नियमाप्रमाणे इंजिन जोरात पळवून आवाज मोजायचा असतो. "दाबा," तो म्हणाला. मी दाबलं. "दाबा हो!" मी आणखी केसभर दाबलं. "साहेब, पायाखाली अंडं ठेवलंय का?" असं म्हणून त्यानं मला बाहेर काढलं, स्वतः आत बसला आणि पाय ठेवला.

काय सांगू! आधी जमीन थरथरली. मग पोटातून निघावी तशी एक गर्जना निघाली, खर्जातून चढत गेली आणि पत्र्याच्या छपरावरची झाडून सगळी कबुतरं उडाली. खिडकीतल्या बाईंच्या हातातला चहा सांडला. रांगेत मागे उभा असलेला ट्रकवाला खाली उतरला आणि त्यानं मला सलाम केला. मला! ती गर्जना माझी होती, भारदस्त होती, आणि मी तिच्याशेजारी हातात फाइल घेऊन उभा होतो. दहा सेकंद मला फार बरं वाटलं. मग तपासनिसानं खाली उतरून कागदावर लाल शिक्का मारला.

"नापास. त्या खिडकीवर जा."

खिडकीतल्या बाई चहा पुसत होत्या. "आवाज मूळचा की बदललेला?"

"बदललेला."

"मग बदलाचा फॉर्म कुठाय?"

"द्या ना."

त्यांनी कप्पे उघडून पाहिले. "रंगबदलाचा आहे, इंजिनबदलाचा आहे, मालकबदलाचा आहे. आवाजबदलाचा नाही."

"मग मी काय करू?"

"मालकबदलाचा भरता का?"

मी स्वतः सव्वीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. बाहेरून ती इतकी उंच दिसते याची मला कल्पना नव्हती. सात दिवसांत आवाज नियमात आणा, नाहीतर गाडी रस्त्यावर आणू नका, असं लिहून देऊन त्यांनी खिडकी लावून घेतली. हा सगळा अपमान मी घरी जेवताना सविस्तर आणि योग्य त्या गांभीर्यानं सांगितला. तिघीही माना खाली घालून गंभीरपणे ऐकत होत्या. कन्येला मध्येच ठसका लागला.

कानसेन म्हणाले, दोन मार्ग आहेत. एक, झडप कायमची बंद करून वर वेल्डिंगचा डाग मारायचा. गाडी जन्मभर मुकी. दुसरा, जुना डबा ठीकठाक करून परत बसवायचा.

"तो तर केवढा वाजतो! पास कसा होईल?"

"तुमच्या गाडीला तात्पुरता लावून मी मोजलाय, रेकॉर्डही केलाय. आवाज मोठा नाही, फक्त असह्य आहे. असह्यतेला मर्यादा नाही नियमात."

घरी मी दोन्ही मार्ग मांडले. एरवी आमच्या घरात पंख्याच्या वेगावर एकमत होत नाही.

"जुनं ते सोनं," आई ताडकन उठून बसत म्हणाली. गुडघे धरायचं ती विसरलीच.

"बाबा, जुन्या आवाजात कसं, एक व्यक्तिमत्त्व होतं," कन्या म्हणाली.

"आणि तुम्ही आलात की कसा धीर वाटायचा," असं म्हणून बायकोनं कपड्याची घातलेली घडी मोडून परत घातली.

"बघतो," मी म्हणालो.

सातव्या दिवशी शेडमधल्या त्या खुर्चीत मी बसलो आणि कानसेनांनी मला जुन्या डब्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. खडखड, फर्र, खडखड. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. हा बसवला की सगळं पूर्ववत. रखवालदार जागा होईल, डॉक्टर आदळणार नाहीत, आणि मी घरी येईन तेव्हा घर शिस्तीत असेल. एक कर्ता पुरुष म्हणून मला आणखी काय हवं होतं?

"कोणता लावू?" कानसेन पाना घेऊन उभे होते.

"जरा थांबा," मी म्हणालो. पुन्हा रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. त्या खडखडीत मला आता खुर्ची सरकताना ऐकू यायला लागली होती, टीव्ही बंद होताना आणि आई कण्हताना. कोपऱ्यापासून दारापर्यंत चार मिनिटं. बारा वर्षं रोज चार मिनिटं माझं घर माझ्यासाठी आवरलं जात होतं.

"मुकी करा," मी म्हणालो.

कानसेनांनी स्वतःच्या हातानं झडपेवर डाग मारला. चष्मा काढून डोळे पुसले आणि ठिणगी उडाली म्हणाले. वाहन कार्यालयात तपासनिसानं पाय पूर्ण दाबला, कबुतरं बसल्या जागी बसून राहिली आणि हिरवा शिक्का मिळाला. ट्रकवाला नव्हता, ते एक बरं झालं.

घरी मी काही कळवलं नव्हतं. साडेसहाला, त्या दिवसापासून रोज द्यायचो तो हॉर्न न देता, वर आलो. दार लोटलेलं. आतून बायकोचा म्हणजे माझा आवाज येत होता, "अहो बाई, मी स्वतः मुख्य लिपिक आहे!" आई टीपॉयमागे बसून म्हणत होती, "मालकबदलाचा भरता का?" वाहन कार्यालय उभं केलं होतं. मी जेवताना सांगितलेला शब्द न् शब्द होता. बूट काढायला खाली वाकलो आणि पुन्हा हातात घेऊन उतरावं असं खरंच मनात आलं. पण दार ढकललं.

जो तो जिथल्या तिथे थिजला. चष्मा नाकावर, बॅग काखेत. कन्येनं पायाखाली उशी धरली होती, ती बहुधा पेडल असावी. आईचा हात हळूहळू गुडघ्याकडे जायला लागला.

मी एकेकीकडे पाहिलं. शेवटी मी म्हणालो, "गाडी कोण झालंय?"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. "कोणीच नाही," कन्या पुटपुटली.

"मी नुसतं विचारतोय," मी म्हणालो. "गाडीशिवाय तपासणी कशी होईल?"

मी बॅग ठेवली. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि जमिनीवर, दोन हात दोन गुडघ्यांवर, ओणवा झालो. "दाबा," मी कन्येला म्हणालो. तिनं भीत भीत उशीवर पाय ठेवला. मी खर्जात गुरगुरलो. "दाबा हो! अंडं ठेवलंय का?" तिनं धाडकन पाय आपटला आणि मी तीन हजारांवर गेलो. जी गर्जना मी एकदाच ऐकली होती, ती सगळीच्या सगळी काढली. आधी थरथर, मग खर्ज, मग चढती. बायकोच्या काखेतली बॅग पडली. ती हसत हसत भिंतीला टेकली आणि घसरत खाली बसली, डोळ्यांतून पाणी, चष्मा कपाळावर. "अहो, अहो, नको," एवढंच तिला म्हणता येत होतं. खालून हेडमास्तरांनी काठीनं छताला ठोकलं. आमच्या घराविरुद्ध बारा वर्षांतली ती पहिली तक्रार.

आईला तर श्वास पुरेना. पदरानं तोंड पुसत, हसू आवरत, ती नेहमीच्या सवयीनं म्हणाली, "अगं शू! हळू, हळू! तो येईल ना आत्ता!"

आणि आम्ही चौघंही एकदम गप्प होऊन दाराकडे बघायला लागलो.